चूल न पेटवायचे दिवस

आमच्या घरात महिन्यातून एक-दोन दिवस चूल पेटत नसे. एकादशी नसायची, ग्रहण नसायचं, कोणी गेलेलंही नसायचं. त्या दिवशी बाबा घरी काडतुसं भरायचे. आई आदल्या दिवशीच दुधातल्या दशम्या करून फडक्यात बांधून ठेवी, दही लावी, आणि सकाळी कच्च्या पोह्यांना तेल, तिखट, मीठ, कांदा लावून पातेलं झाकून ठेवी. चहा नाही. देवापुढचा दिवासुद्धा बारुदीचा डबा घराबाहेर गेल्यावरच लागायचा. बाबांच्या विड्या आणि घरातल्या झाडून सगळ्या काड्यापेट्या आई शेजारच्या काकूंकडे ठेवायला नेई. काकू विचारायच्या, “आज सशांचा दिवस का हो?” आणि आई म्हणायची, “काय करता! तुमच्या घरचे तोफांचं करतात, आमच्या घरचे सशांचं.” आमच्या आळीतले बहुतेक पुरुष तोफांच्या कारखान्यात होते. सकाळचा भोंगा झाला की त्यांच्या सायकली एका बाजूला जायच्या आणि बाबांची एकट्याची दुसऱ्या बाजूला, बडा फुहाऱ्याच्या बाजाराकडे.

तिथे मागच्या गल्लीत बंदुकीचं दुकान होतं आणि बाबा त्यात मिस्त्री होते. दुकान सेठजींचं, परवाना सेठजींचा. बंदुकांचे घोडे, दस्ते दुरुस्त करणं हे बाबांचं रोजचं काम, आणि काडतुसं भरणं हे त्यांचं खास काम. बारीक नळीची रायफल पाटनच्या बाजूला पुष्कळ शेतकऱ्यांकडे होती. तिकडे मटार फार. मटाराला ससे लागतात, मक्याला कोल्हे लागतात, आणि त्यांच्यासाठी मोठी बंदूक कोणी काढत नाही. त्या रायफलींची काडतुसं पूर्वी बाहेरून यायची, ती यायची बंद झाली. म्हणून लोक उडवलेली रिकामी काडतुसं जपून ठेवायचे आणि दुकानात आणून द्यायचे. रिकाम्या काडतुसाला सगळे खोखा म्हणत. त्याच खोख्यात बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी, नवी बारूद, नवी गोळी बसवायची. दुकानाला लागून वेल्डिंगवाला होता, दिवसभर ठिणग्या उडायच्या, म्हणून सेठजी हे काम घरी पाठवत. कायद्यात ते बसत होतं की नाही, मला तेव्हा माहीत नव्हतं. आता वाटतं, नसावंच. आज माझ्या घरात कोणी असलं काही आणलं तर मी उंबऱ्याच्या आत येऊ देणार नाही. पण तेव्हा ते आमच्या घरचं काम होतं, जसं दुसऱ्या कोणाच्या घरी पापड लाटतात.

खोखे कापडाच्या पिशवीतून यायचे. त्यांना जळका, आंबूस वास असायचा. ते पितळेचे, म्हणून आईच्या मते त्यांना पितळेचाच नियम. घरातली घागर आणि तांब्या घासायला चिंच भिजत घालायची, त्यातच ती थोडी जास्त घाली आणि उरलेलं पाणी मला देई. मी अंगणात बसून एकेक खोखा त्यात बुडवून चिंधीने पुसायची. मग उन्हात सुपात वाळवायचे, दोन दिवस, आतला ओलावा पूर्ण जाईपर्यंत. वाळल्यावर एकेक हातात घेऊन त्याच्या मानेपाशी बघायचं. तिथे केसासारखी चीर असली तर तो खोखा बाद. बाबा म्हणायचे, “चीर दिसली तर विचारू नको, बाजूला टाक. शंका आली तरी टाक.” मला शंका लवकर यायची. मी पुष्कळ चांगले खोखे बाद केले असतील.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा लांब होती आणि हिंदीत होती, पण खरं कारण ते नव्हतं. वर्गात नाव पुकारलं की माझ्या तोंडून आवाजच निघत नसे. उत्तर येत असलं तरी नाही. बाबांनी एकदा विचारलं, “जायचं आहे का पुढे?” मी मान हलवली, आडवी. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी पुन्हा विचारायला हवं होतं, असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत आलं, अजूनही वाटतं. पण घरी राहिले म्हणून मी त्यांच्याजवळ बसू लागले, हेही खरं.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. हे आईला माहीत नव्हतं, सेठजींना तर नाहीच. माझ्याही लक्षात हळूहळू आलं. आधी ते सुईत दोरा ओवायला मला देऊ लागले. मग सोनाराचा काटा माझ्याकडे वळवून ठेवू लागले. बारूद त्या काट्यावर तोलायची असे, चिमटीपेक्षाही कमी, आणि काट्याची जीभ मधल्या रेघेवर आली की नाही ते बघायचं. एकदा ते म्हणाले, “तू बघ, माझ्या मानेला त्रास होऊन राहिला.” मी बघितलं आणि पाटावर बोटाने एकदा ठोकलं, म्हणजे बरोबर. जास्त असेल तर दोनदा. तेव्हापासून तीच आमची रीत झाली. मान दुखण्याचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. सगळे खोखे भरून फळीवर उभे झाले की मी एकेकात डोकावून बघायची, सगळ्यांत बारूद सारख्या उंचीवर आहे ना. मग बाबा एका छोट्या हातयंत्राचा दांडा ओढून गोळ्या बसवायचे. तेवढं ते डोळे मिटूनही करू शकले असते.

काम चालू असताना घरात कोणी बोलायचं नाही, असा नियम होता. त्यामुळे मला त्या कामाचा आवाज पाठ झाला. पितळी थाळी काट्यावर टेकायची, टिक. नरसाळ्यातून बारूद खोख्यात उतरायची, सर्र. मग भरलेला खोखा या फळीवरून उचलून त्या फळीच्या भोकात बसायचा, टक. टिक, सर्र, टक. दुपारभर एवढंच. मला ते फार आवडायचं. बोलावं लागत नसे आणि तरी मी कोणाच्या तरी उपयोगाची असे.

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा बाजूला बसले. आईने मला छपरीत एक चटई, एक गोधडी आणि वेगळा तांब्या दिला. स्वयंपाकघर नाही, देव नाही, लोणच्याची बरणी नाही, आणि बाबांचा काटा नाही. काट्याला आणि त्या यंत्राला दसऱ्याला हळदीकुंकू लागायचं, म्हणून आईच्या हिशेबी ते देवातच जमा. मी म्हटलं, “आई, उद्या बाबांना खोखे भरायचे आहेत.”

“मग? आधी भरत नव्हते का ते? तू जन्मली नव्हती तेव्हापासून भरून राहिले.”

“चार दिवसांनी भरतील तर?”

“पाटनचे पटेलजी उद्या दुपारी येऊन राहिले. त्यांना काय सांगू, आमची मुलगी बाजूला बसली म्हणून?”

मला लाज वाटली. बाबा दारातून ऐकत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “होते, मी करतो. तीसच आहेत.”

दुसऱ्या दिवशी चूल पेटली नाही. मी छपरीत चटईवर दही-दशमी खाल्ली. छपरी आणि बैठकीच्या मध्ये फक्त पडदा होता. बाबा कामाला बसले. टिक. मग बराच वेळ काही नाही. पडदा वाऱ्याने हलला तेव्हा दिसलं, ते डोळा अगदी काट्याला लावून, करंगळीच्या टोकाने जीभ चाचपत होते. मग सर्र. मग टक. मला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी मोजत बसले. माझ्यापुढे सुपात मटार होते, सोलायचे नव्हते, कारण मी शिवलेलं कोणी खाल्लं नसतं. मी नुसती बोटांवर मोजत होते.

सतरा झाले असतील, तेव्हा वारा सुटला. छपरीचं दार धाडकन उघडलं. वारा आला की काटा हलतो, आणि वारा आला की दार लावायचं हे माझं काम. मी काही विचार केला नाही. उठले आणि दाराकडे धावले. दार पडद्याच्या लगतच होतं. आतून आई ओरडली, “अगं शिवशील ना! मागे हो!”

बाबा दचकले. थाळी खणकन पाटावर पडली. “काय झालं?”

“काही नाही, काही नाही, तुमचं चालू द्या,” आई म्हणाली आणि तिनेच येऊन दार लावलं.

आत थाळी उचलल्याचा आवाज झाला. मग टिक. मग ते चाचपणं. सर्र. टक. मी पुन्हा मोजू लागले आणि माझं बोट थांबलं. दार उघडलं त्याच्या आधी सर्र झालं होतं. त्याचं टक झालं नव्हतं. तो खोखा भरलेला तिथेच उभा होता आणि त्यातच पुन्हा सर्र झालं. मी स्वतःला म्हटलं, वाऱ्यात तुला ऐकू आलं नसेल. शेवटपर्यंत मोजलं. तीस टक झाले. सर्र एकतीस.

मग यंत्राचा दांडा करकरू लागला. गोळ्या बसू लागल्या. आता आत डोकावून बघायचीही सोय राहिली नाही.

दुप्पट बारूद म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. दुकानात एकदा फाटलेली रायफल आली होती, बाबांनी मला मुद्दाम दाखवली होती. नळीचा मागचा भाग फुलासारखा उमलला होता. रायफल चालवताना माणूस गाल तिथेच टेकवतो.

मी पडद्याआडून हळू हाक मारली. “आई, एकात दोनदा पडली.”

“काय?”

“बारूद. एकात दोनदा पडली. मी मोजलं.”

“तू होतीस का तिथे? दिसलं का तुला?”

“ऐकू आलं.”

“ऐकू आलं म्हणे! गप बस. बाबांना म्हणशील तर त्यांना कसं वाटेल?”

तेवढ्यात बाहेर पटेलजींची मोटारसायकल थांबली. मोठा माणूस, मोठा आवाज, कानाला मफलर. येताना नेहमी अर्धं पोतं मटार आणि खोव्याची जलेबी आणायचे. “क्यों मिस्त्रीजी, माल तैयार? इस बार खरगोशों ने तो हद कर दी, जैसे इनके बाप का खेत हो!” बाबा हसले. मी पडद्यामागून सगळं ऐकत होते. बाबांनी तीस काडतुसं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घातली. पटेलजी म्हणाले, “आप एक ही आदमी हो जिसका भरा हुआ मैं आँख मूँदके चलाता हूँ.”

मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही. वर्गात व्हायचं तेच झालं, आवाजच नाही. परका माणूस समोर, मी तशी बसलेली, आणि बोलायचं ते बाबांच्या डोळ्यांबद्दल. ते मी बोलले असते तर बाबांचं ते काम गेलं असतं, आणि ते काम म्हणजेच बाबा, एवढं मला कळत होतं. पटेलजी उठले. डबा त्यांच्या हातात जायला एक क्षण होता.

मी पडदा बाजूला सारून आत गेले आणि दोन्ही हात त्या डब्यावर ठेवले.

आई किंचाळली, “शिवलीस! अगं सगळं शिवलीस!”

मी हात काढले नाहीत. पटेलजी एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मग त्यांना उमगलं असावं, कारण त्यांनी नजर खाली केली आणि समजूतदारपणे म्हणाले, “अरे भाभीजी, बच्ची है. हम ये सब नहीं मानते. लाओ बिटिया, डिब्बा दो.”

बाबा मात्र माझ्याकडे बघत होते, म्हणजे माझ्या चेहऱ्याच्या दिशेने. “काहून आली तू?” त्यांनी विचारलं. रागाने नाही. पाटावर बसून विचारायचे तसं.

तेव्हा आवाज निघाला, बारीकसा. “बाबा, टक तीस झाले. सर्र एकतीस झाले. दार उघडलं तेव्हा.”

ते आवाज दुसऱ्या कोणाला समजले नसते. बाबांना समजले. ते खाली बसले. पटेलजी म्हणाले, “क्या कह रही है?” आणि बाबा सहज म्हणू शकले असते, काही नाही, पोरगी घाबरली आहे, उद्या या. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, ते तसंच म्हणोत. ते म्हणाले, “पटेलजी, ये आज मत ले जाओ. एक में दोहरी बारूद पड़ी है. किसमें, मुझे मालूम नहीं.” मग म्हणाले, “मुझे काँटा दिखता नहीं. बहुत दिन से नहीं दिखता. ये देखती है.”

आई भिंतीला टेकून उभी राहिली. पटेलजी परत खाटेवर बसले. त्यांनी मफलर सोडला.

बाबांनी मला म्हटलं, “बस.” मी आईकडे बघितलं. तिने मला अडवलं नाही. मी पाटावर माझ्या जागेवर बसले.

भरलेलं काडतूस उघडणं भरण्यापेक्षा जास्त जपून करायचं असतं. बाबांनी एकेक गोळी परत काढली, बारूद थाळीत ओतली, मी काटा बघितला आणि पाटावर ठोकलं. एकदा. एकदा. काही जागी दोनदा, कारण चाचपून तोललेलं थोडं जास्तच पडलं होतं. बाबा ते ऐकून मान हलवत. पटेलजी नेहमी बोलणारा माणूस, पण तासभर बसले आणि खोकलेसुद्धा नाहीत. बावीस झाले. बाहेर ऊन उतरलं. माझ्या मनात आलं, चुकले असेन तर? माझ्या कानांमुळे बाबांनी सगळं सांगून टाकलं, आणि चूक नसलीच तर?

तेविसाव्याला थाळीत एवढी बारूद आली की काटा खाली जाऊन टेकला. ठोकायची गरजच पडली नाही. त्याचा आवाज बाबांनाही ऐकू गेला.

पटेलजींनी वाकून ती छोटीशी काळी रास बघितली. मग त्यांनी आपला उजवा गाल चोळला, हळूहळू, दाढ दुखत असल्यासारखा. म्हणाले, “मिस्त्रीजी, घर में पानी मिलेगा?” आई लगबगीने गेली. पाणी पिऊन त्यांनी जलेबीचा पुडा सोडला आणि पहिली जलेबी माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही, माझे हात बारुदीचे होते. “अच्छा, हाथ धोके खा लेना,” म्हणाले, पुडा आईकडे दिला आणि काडतुसं न घेता गेले.

बाबा दुसऱ्या दिवशी सेठजींना सांगून आले. काय बोलणं झालं ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. काडतुसांचं काम थांबलं, ते नुसते दस्ते घासत. दोनेक महिन्यांनी डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हा टाके घालायचे आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून कित्येक दिवस निजवायचे. गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं तर त्याच दुपारी मी घरी येऊन वरण-भात खाल्ला. बाबांना सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं. त्यांना मग जाड भिंगांचा चष्मा लागला, त्यातून त्यांचे डोळे एवढाले दिसायचे आणि मला आधी त्यांची भीतीच वाटली. आईने त्या दोन महिन्यांत मला एकदाही विचारलं नाही की तुला बाबांचं माहीत होतं तर सांगितलं काहून नाही. ती माझ्याशी फक्त थोडी हळू बोलायला लागली.

पाऊस संपून मटार पुन्हा पेरले गेले तेव्हा सेठजींनी पिशवी पाठवली. पटेलजींचेच खोखे होते, तीस. त्यांनी सांगून पाठवलं होतं, मिस्त्रीजींकडूनच हवे, आणि बिटिया बाजूला बसलेली हवी. योग असा की ते नेमके माझे ते दिवस होते. मी छपरीत चटई टाकली. आई आदल्या संध्याकाळी दशम्या लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, “उद्या काट्यापाशी बसशील. तेवढं चालते.” मी उंबऱ्यातच उभी राहिले. ती म्हणाली, “स्वयंपाकघरात नाही हं येऊन राहायचं! फक्त काट्यापाशी.”

दुसऱ्या दिवशी मी बसले. बाबांनी चष्मा पुसला, काट्याची जीभ स्वतः नीट बघितली, त्यांना दिसत होती. तरी ते थांबले. मी पाटावर एकदा ठोकलं, तेव्हाच त्यांनी थाळी उचलली. टिक, सर्र, टक. आई दारात शेवग्याच्या शेंगा घेऊन बसली होती, दार पाठीने लावून, वारा येऊ नये म्हणून. मी मध्ये एकदा वर बघितलं तर तिच्या हातातली शेंग तशीच होती आणि ओठ हलत होते. शेवटचा खोखा फळीत बसला. बोलायचं नाही हा नियम अजून संपला नव्हता, माझं आत डोकावून बघणं बाकी होतं. पण आईच्याने राहवलं नाही.

“दोन्ही तीस,” ती म्हणाली.